तेविसावं घर

दत्तारामबाब गेल्याचा फोन आला तेव्हा मी वास्कोच्या घरी तांबडी भाजी निवडत बसले होते. त्यांच्या पत्नीचा, वहिनींचा, फोन. "बाय, हे गेले गो. सकाळी चहा मागितला आणि घेतलाच नाही." मी "अरे देवा" एवढंच म्हणू शकले. आणि मनात पहिला विचार काय आला सांगू? की आता माझं सांगायचं राहूनच गेलं. माणूस गेला त्याचं दुःख नंतर, आधी आपलं आपल्याला पडलेलं. अशी मी.

महिन्याभरापूर्वीच डिचोलीला त्यांना भेटून आले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ तशीच तिखट. "जनेलाकडली कदेल ओढ आणि लेबलं वाच," असा हुकूम झाला. मी खिडकीजवळची खुर्ची ओढून बसले. त्यांच्या मांडीवर स्लाइड ठेवायची लाकडी पेटी होती. आत पन्नास घरं, एकेका घरात एकेक काचपट्टी, आणि झाकणाच्या आतल्या कागदावर प्रत्येकीचा पत्ता. मी वाचत गेले… मोपाच्या पठारावरलं डबकं, केरीची खाडी, मयेचं तळं. बाविसाव्यानंतरच्या ओळीवर मी बोट ठेवलं आणि तिकडे न बघताच सरळ चोविसावं वाचलं. ते ऐकत होते. म्हणाले, "एक उरली मगे?" मी घड्याळ बघितलं, बस चुकेल म्हणाले आणि उठले. तीच आमची शेवटची भेट.

दत्तारामबाब कोण, तर डिचोलीच्या एका हायस्कुलातले प्रयोगशाळा परिचर. म्हणजे मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्या उचलणारा माणूस. पोर्तुगीज काळात, तरुणपणी, ते एका डॉक्टरच्या दवाखान्यात मलेरियाच्या स्लाइडी रंगवायचे. डॉक्टर लिस्बनला गेला आणि जाताना आपला पितळी मायक्रोस्कोप ह्यांना देऊन गेला. दुसरा कुणी असता तर त्यानं तो दिवाणखान्यात मांडला असता. ह्यांनी तो फिरता केला. पुढे वास्कोच्या बोटीवरल्या एका खलाशाकडून दुर्बीण मिळवली, पाणी तपासायची रसायनं जमवली, वहिनींच्या जुन्या मच्छरदाणीतून पाण्यातले जीव गाळायची जाळी शिवून घेतली. बेडकांवर, माशांवर, खारफुटीवर काम करणारी जी मुलं कॉलेजातल्या उपकरणांच्या बंद कपाटासमोरून हात हलवत परतायची, ती ह्यांच्या दारात यायची. "लोक वाचनालय चालवतात, मी बघनालय चालवतो," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे.

मी त्यातलीच एक. म्हापशाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या थोडे आधीचे ते दिवस. भाषेवरून घराघरांत भांडणं, आज बंद तर उद्या मोर्चा. त्यांच्याकडे मात्र पेडण्याचा मुलगा कोकणीत लेबल लिही, डिचोलीचा मराठीत, आणि कुणी त्यावरून चोच मारलीच तर हे म्हणायचे, "आधी त्या बेडकाक विचार, ताची भास खंयची ती." मायक्रोस्कोप आणि स्लाइडींची ती पेटी देताना त्यांची एकच अट असायची. "शेजाऱ्याचें आयदन कोण रितें परत धाडटा गो? वाटीभर खतखतें तरी घालतात. तशी ही पेटी. परत हाडशी तेन्ना तुज्या गावची एक स्लाइड घालून हाड. फुडल्याक पळोवंक जाय." शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, तशी पेटीही परत आणताना आपल्या गावची एक स्लाइड घालून आणायची, पुढच्याला बघायला मिळावं म्हणून. इतकंच. आमच्या गावच्या तळ्याची आणीन, मी म्हणाले.

पेटी पिशवीत आणि गोधडीत गुंडाळलेला मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन मी बसमधून घरी आले. कंडक्टर म्हणाला, "भुरगें न्हिदलां कितें?" मूल झोपलंय असंच त्याला वाटू दिलं, मान हलवली. आमचं गाव शिरगावच्या पलीकडे, खाणीला लागून. देवळामागे तळं होतं. त्याच्या एका थेंबात मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढून जात नाही. काचेच्या होड्यांसारखं शेवाळ आणि त्यातून पळणारे नखाएवढेही नसलेले जीव, नुसती जत्रा. त्याची स्लाइड केली, कडेनं नखपॉलिश लावून बंद केली. पावसाळ्यानंतर पुन्हा थेंब घेतला. खाणीच्या मातीचा ढीग तोवर तळ्याच्या काठाशी आला होता. काचेखाली तांबडी भुकटी आणि रिकामी कवचं. दुसरं काही म्हणजे काही नाही. तिचीही स्लाइड केली. दोन्हींवर तळ्याचं नाव आणि महिना घातला.

बाबा त्याच खाणीवर मुकादम होते. त्यांनी दोन्ही स्लाइडी खिडकीशी धरून बघितल्या, लेबलं वाचली. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते! ते पडवीत खाली बसले आणि म्हणाले, "हे कुणाकुणाच्या हातात जाणार?" मी म्हटलं, जो मायक्रोस्कोप नेईल त्याच्या. "म्हणजे सगळ्यांच्या," ते म्हणाले. ताईचं लग्न ठरलेलं, मुलगा खाणीच्याच ऑफिसातला. तळं देवाचं आणि चूल खाणीची. "तू काय ते ठरव, बाय. मी नको म्हणत नाही." नको म्हणत नाही! ह्याच्याइतकी घट्ट दोरी कुठे मिळायची?

मी ठरवलं. दोन्ही स्लाइडी नेऊन तळ्यात टाकल्या, माझ्या हातानं. कसला आवाजसुद्धा झाला नाही.

पेटी परत द्यायला गेले तर दत्तारामबाबांनी झाकण उघडलं, तेविसाव्या घरावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुटली," मी म्हणाले. त्यांनी झाकण लावलं. "तुटतात," म्हणाले आणि आत वळून ओरडले, "अगो, हिका चाय दी, उंडो दी." तो पाव चहात बुडवून मी खाली मान घालून संपवला. पुढे मी वास्कोला शिक्षिका झाले, वर्षानुवर्षं त्यांच्याकडे मुली पाठवत राहिले. प्रत्येकीला ती आयदनाची गोष्ट सांगायचे, अगदी रंगवून. तळं ढिगाखाली गेलं. बाबा गेले, ताईला नातवंडं झाली. आता भ्यायचं कुणाला? तरी दर भेटीत तोंड उघडायचे आणि गणपतीच्या सजावटीचं बोलून परत यायचे. खोटं एकदाच बोललेलं असतं, पण राहायचं त्यातच असतं.

तेराव्यानंतर वहिनींनी मायक्रोस्कोप आणि पेटी माझ्या हातात दिली. "हे म्हणून गेलेत, तिलाच द्या." पेटी उघडायचं धाडस मला झालं नाही; मायक्रोस्कोप मुलांना देऊ लागले, पेटी कपाटातच ठेवली. गेल्या आठवड्यात धारगळची एक मुलगी ओढ्यातल्या माशांसाठी नेलेला मायक्रोस्कोप परत घेऊन आली. नियमाप्रमाणे स्लाइड आणली होती. तिनंच पेटी उघडली. एकोणपन्नास घरं भरलेली, एकच रिकामं. "मॅडम, हांगा घालूं?"

"नको," मी म्हणाले. "तिथली… तुटली." इतक्या वर्षांनी, त्याच सुरात, आणि तेही एका पोरीला! मला माझीच किळस आली.

ती झाकणाच्या कागदावर वाकली. "ना मॅडम. हांगा वेगळेंच बरयलां." दत्तारामबाबांच्या वळणदार अक्षरात आमच्या तळ्याचं नाव होतं, माझं नाव होतं, आणि पुढे एकच शब्द. येतली. येईल.

त्यांनी माझ्या खोट्याची नोंदच केली नव्हती. वाट बघत बसले होते.

नाही येणार, दत्तारामबाब. तुटली नव्हती ती, मीच तळ्यात टाकली. त्या मुलीला सगळं सांगितलं, बाबांसकट. तिची स्लाइड आम्ही काड्यापेटीत कापूस घालून ठेवली आहे. तेविसावं घर तसंच आहे.