बारा इंची दुर्बीण आणि माझा एक नकार

पस्तीस वर्षं बातमीदारी केली की डोक्यात दोन ढीग साचतात. एक छापलेल्या बातम्यांचा. तो रद्दीत जातो. दुसरा न छापलेल्या गोष्टींचा. तो कुठेच जात नाही. चार माणसं जमली, चहा आला, की त्यातली एखादी घरंगळत बाहेर येते आणि मागून बाकीच्या.

दुर्बिणीच्या गोष्टी अशाच. त्या सगळ्या एका वर्षीच्या, दसरा ते दिवाळी एवढ्यातल्या. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती.

आमचं मंडळ चौघांचं होतं. जळगावच्या पिंप्राळ्यात राहणाऱ्या कुसुमअक्का, मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. सावद्याचे राजाभाऊ, केळीचे व्यापारी. नाना, मालगाडीचे निवृत्त गार्ड. आणि मी. अक्कांच्या गच्चीवर बसून आम्ही आकाश बघत असू. जवळ एक लहान दुर्बीण होती. तिच्यातून चंद्र बरा दिसायचा, बाकी सगळं मनाने दिसायचं.

अशात नाशिकच्या एका इंजिनिअरचं पत्र आलं. त्यांनी स्वतः आरसा घासून बारा इंची डॉब्सोनियन दुर्बीण केली होती. खाली लाकडी खोकं, त्यावर फिरणारी माणूसभर उंचीची नळी. त्यांची बदली दक्षिणेत झाली होती. ‘दसऱ्याला घेऊन जा, दिवाळीपर्यंत वापरा, मग घ्यायची की नाही ते ठरवा,’ असं लिहिलं होतं. खाली एक ओळ अधोरेखित: ‘सहज हलवता येते.’

पैशाचा प्रश्न नव्हता, राजाभाऊ तयार होते. प्रश्न माझा होता. मी आयुष्यभर कुलूपबंद यंत्रांच्या बातम्या दिल्या. हार घालून आणलेली, फोटो काढलेली आणि मग गोदामात उंदरांच्या हवाली केलेली यंत्रं! म्हणून मंडळाचा नियम मीच करून ठेवला होता: एकाचाही नकार असेल, तर मोठी वस्तू घ्यायची नाही.

“माझा नकार,” मी म्हणालो.

“अहो, अजून बघितली नाही!” अक्का म्हणाल्या.

“न बघताच नकार. बघितल्यावर माणूस हो म्हणतो, तिथेच फसतो.”

घाई नानांना होती. भाऊबीज झाली की त्यांचा मुलगा त्यांना कायमचं सुरतेला नेणार होता. तिथे तिसऱ्या मजल्यावर खोली आणि समोर गिरणीचे दिवे. दुर्बिणीचा निकाल त्यांच्यासाठी दिवाळीच्या आतच लागायला हवा होता.

*

नानांचं असं होतं. ऐन उमेदीत एकदा त्यांची मालगाडी सुरत लाइनीवर पाळधीच्या पुढे सिग्नलला अडकली. सगळ्यात शेवटी गार्डाचा डबा, त्यात एकटा माणूस. पुढे इंजिन इतकं लांब की त्याचा आवाजही नाही. नाना पायरीवर बसले, वर बघितलं, तर ताऱ्यांमध्ये एक पुसट डाग. ओल्या बोटाने खडू पुसल्यासारखा.

पुढच्या स्टेशनात त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, “नाना, डोळे तपासा!”

नानांनी खरंच तपासले. डॉक्टर म्हणाला, नजर उत्तम आहे. झालं! नजर उत्तम म्हणजे डाग खरा. मग प्रत्येक दिवाळीच्या सुमाराला नाना तो डाग हजेरी घेतल्यासारखा बघत राहिले.

अक्कांनी वीस वर्षांनी त्यांना त्याचं नाव सांगितलं. देवयानी. आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी आकाशगंगा. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला लाखो वर्षं लागतात.

मी म्हणालो, “म्हणजे गाडी फारच लेट!”

नानांनी विचार केला. “वाटेत कुठे थांबली का?”

“नाही,” अक्का म्हणाल्या.

“मग लेट नाही. लांबची आहे.”

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी राजाभाऊ आणि मी नाशिकहून दुर्बीण आणली. एसटीच्या टपावर! ‘सहज हलवता येते’ हे लिहिणाऱ्याने ती धुळ्याच्या स्टँडवर एका गाडीवरून उतरवून दुसऱ्या गाडीवर चढवून बघावी, एवढीच माझी मागणी आहे. दोन हमाल, राजाभाऊ, मी आणि शिव्या, एवढं सगळं लागलं.

नळी फलाटावर उभी केली होती. एका म्हातारीने तिच्याभोवती फेरी मारली, धान्याची कोठी पारखावी तशी बोटाने वाजवून बघितली.

“कोठी कितलामा लिधी, भाऊ?”

“कोठी नही आजी,” राजाभाऊ म्हणाले. “दुर्बीण शे. तारा दखाले.”

आजीने आत डोकावलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं मी फसलेल्या माणसांकडे बघतो.

“आनी दाना कोठे ठेवश्यात?”

इतका मुद्देसूद प्रश्न मी कुठल्या पत्रकार परिषदेतही ऐकला नव्हता.

*

कोजागिरीला अक्कांच्या गच्चीवर अख्खी कॉलनी जमली. दूध आटत होतं, चांदणं इतकं की वर्तमानपत्र वाचावं. मी नियम सांगत होतो: रांगेने या, नळीला हात लावू नका, एकेकाने बघा. मनात म्हणत होतो, बघा, ही आत्ताच जत्रा झाली!

शेजारच्या काकूंनी डोळा लावला आणि ओरडल्या, “चंद्रावर काहीतरी चालतंय!”

मी पुढे झालो. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती बातमी समोर आली होती! डोळा लावला. खरंच! त्या पांढऱ्याशुभ्र मैदानावरून एक काळी, सहा पायांची आकृती निवांत निघाली होती.

बघायच्या भिंगांची डबी आणि दुधाची साखर राजाभाऊंनी एकाच पिशवीतून आणली होती. भिंगात मुंगी शिरली होती.

अक्का भिंग उघडायला निघाल्या, तर रांगेतल्या एका आजोबांनी त्यांचा हात धरला. “थांबा. आमचा नंबर येईपर्यंत राहू द्या की!”

पुढचा तासभर लोक चंद्र बघायला नव्हे, मुंगी बघायला रांगेत उभे होते. आणि खरं सांगतो, मीही दुसऱ्यांदा लागलो. ती चंद्राच्या कडेला पोहोचली आणि पलीकडच्या अंधारात उतरून गेली.

*

बाहेरगावी न्यायच्या आधी आरसा काढून वेगळा ठेवा, असं इंजिनिअरने बजावलं होतं. राजाभाऊ म्हणाले, “आरसा माझ्याकडे द्या. माझा माल दिल्लीपर्यंत डाग न पडता जातो.”

त्यांच्या माणसांनी आरसा केळीच्या वाळक्या पानांत असा बांधला की मलासुद्धा खोट काढता आली नाही. मग राजाभाऊंनी तो त्यांच्या माहितीतल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवला. वखारीच्या मागची बंद खोली. आत कोणी जात नाही, उजेड नाही, वारा नाही.

ती केळी पिकवायची खोली होती! दिवाळीचा माल भरला होता आणि गड्याने रीतसर धूर दिला होता. चौथ्या दिवशी आरसा बाहेर आला तेव्हा त्यात तोंड दिसत नव्हतं आणि त्याला पिकल्या केळीचा वास येत होता.

“मी सांगत होतो!” मी म्हणालो. हे वाक्य उच्चारताना मला किती बरं वाटतं हे माझी बायको सांगू शकेल.

अक्कांनी बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाणी आणवलं आणि कापसाचे बोळे घेऊन बसल्या. आरसा घासायचा नाही, बोळा नुसता ओढायचा. नाना पाणी ओतत होते. राजाभाऊ दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. दर पाच मिनिटांनी विचारायचे, “अक्का, कसं काय?”

अक्का आतून ओरडल्या, “तुम्ही चहा प्या! झालं की कळवते!”

आरसा वाचला. त्या संध्याकाळी आम्ही शनी लावला. कड्यासकट टांगलेला, स्थिर, इवलासा शनी. राजाभाऊंनी श्वास रोखून बघितलं.

“पिवळा दिसतोय.”

“शनी पिवळाच असतो,” अक्का म्हणाल्या.

“तसं नाही. चांगला पिवळा आहे.” मग हळूच म्हणाले, “चार दिवस बरोबर लागले.”

*

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात राजाभाऊंची ओळख होती. तिथे जीपने गेलो. अंधार असा की स्वतःचा हात शोधावा लागे. कृत्तिकांचा पुंजका नुकताच डोंगरावर आला होता. अक्कांनी नळी तिकडे वळवली आणि गावातल्या एका म्हाताऱ्या आबांना पुढे केलं.

आबांनी खूप वेळ बघितलं. मग नळीपासून दूर झाले, वर बघितलं, पुन्हा नळीत.

“तुमना नळामा चार-पाचच मावतस,” ते म्हणाले. “वर दखा. वर बठ्ठ्या सोबत शेतस.”

मी आनंदाने टाळी वाजवली. “ऐका! वर सगळ्या एकत्र आहेत म्हणे! हा माझा माणूस!”

परतीच्या वाटेवर मी विजयी वीरासारखा बोलत होतो. नाना जीपच्या मागच्या बाजूला, जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते. गार्डाची सवय. शेवटी म्हणाले, “आबा बरोबर बोलले. पण माझी देवयानी तिथे एकटीच आहे. ती मावेल.”

मी मात्र जास्तच जोरात बोलत राहिलो.

*

धनत्रयोदशी आली. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरचा टेम्पो येणार होता, दुर्बीण न्यायला किंवा होकार न्यायला. नाना म्हणाले, एकदा पाळधीच्या पुढे जाऊ. जिथे पहिल्यांदा ती दिसली तिथे.

रेल्वेलाइनीला लागूनच राजाभाऊंच्या मेहुण्याचं कापसाचं शेत होतं. संध्याकाळचे साडेसात. जळगावचे फटाके दूर क्षितिजावर, बिनआवाजाचे. डोक्यावर सगळं आकाश उघडं.

नकाशा वाचायला आम्ही लाल उजेड वापरायचो. लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. त्यासाठी नानांचा लाल, हिरव्या, पांढऱ्या अशा तीन काचांचा हातदिवा होता, गार्ड वापरतात तसला. लाल काच पुढे करून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

“लाइनीकडे पाठ करून धरा,” ते म्हणाले आणि अक्कांनी नळी फिरवायला घेतली.

“सापडली,” अक्का हळूच म्हणाल्या.

नाना वाकून डोळा लावून राहिले. राजाभाऊ मला कोपराने ढोसत होते. “दादा, आता तरी हो म्हणा. उद्या टेम्पो येतोय.”

आणि माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो. “नाही! नाना गेल्यावर ही कोण हलवणार? नाही! अक्कांच्या जिन्याखाली पडून राहील! नाही, नाही आणि नाही!”

प्रत्येक ‘नाही’ला माझा हात हवेत. प्रत्येक वेळी त्या हातात लाल दिवा. मी कधी वळलो होतो, मला कळलंच नव्हतं.

सुरतेकडून येणाऱ्या मालगाडीच्या ड्रायव्हरला मात्र कळलं. लाइनीवर लोखंडाची लांबच लांब किंकाळी उठली, डब्यावर डबा आदळत गेला आणि अख्खी गाडी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. हेडलाइटने शेत पांढरं झालं. तारे गेले.

ड्रायव्हर उडी मारून धावत आला. “काय झालं? रूळ तुटलाय? लाल कोणी दाखवला?”

मी दिवा पाठीमागे लपवला.

नानांनी डोळा काढला नव्हता. तसेच वाकलेले, एक हात वर. “रूळ ठीक आहे. आधी हेडलाइट बंद करा.”

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. ड्रायव्हर मागे वळून ओरडला आणि इंजिनाचा दिवा गेला.

अंधार परत आला. आधी मोठे तारे, मग मधले, मग सगळे. इंजिन धापा टाकत होतं. नाना बाजूला झाले आणि ड्रायव्हरला म्हणाले, “या.”

त्याने बघितलं. त्याच्या सहायकाने बघितलं. मग मालाच्या डब्यांच्या कडेकडेने एक दिवा झुलत आला. गार्ड! इतकं चालून चिडलेला. त्यालाही नानांनी हाताला धरून उभं केलं. “डाग दिसतोय ना? मधे दाट, कडेला विरत गेलेला? मला तुमच्या डब्यातून दिसायचा.”

“मलाही दिसतो,” गार्ड म्हणाला. “मला वाटलं, माझे डोळे.”

शेवटी मी बघितलं. काय दिसलं ते सांगणार नाही.

गार्डाने वही काढली. “थांबण्याचं कारण काय लिहू?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

ड्रायव्हर इंजिनावर चढून बसला होता. “ज्याने लाल दाखवला त्याने हिरवा दाखवल्याशिवाय मी हलणार नाही!”

“तुम्ही थांबवली,” नाना मला म्हणाले, “तुम्हीच सोडा.”

मी काच फिरवली. नळीवर, अक्कांच्या चेहऱ्यावर, कापसाच्या बोंडांवर हिरवा उजेड पडला.

“हात वर करा दादा,” अक्का म्हणाल्या. “नीट दिसू द्या. राजाभाऊ, तुम्ही होकाराचे साक्षीदार!”

मी हात वर केला. गाडी हलली. शेवटचा डबा समोरून गेला तेव्हा गार्ड पायरीवर बसलेला होता आणि वर बघत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलावर एक चिठ्ठी पडली होती. मालगाडी पाळधीजवळ उभी राहिल्याने मागची पॅसेंजर लेट, प्रवाशांचा संताप. वर संपादकांचं अक्षर: ‘तुमचा विषय. कडक लिहा.’

दोन ओळी लिहिल्या. पहिलीत गाडी थांबल्याचं. दुसरी अशी:

‘गाडी थांबण्याचे कारण समजू शकले नाही.’