एकवीस नंबर कुणाचा
स्पिरिटचा वास आला की मला अंबरनाथ एमआयडीसीतली ती दुपार आठवते. फायबर केबलची टोकं स्पिरिटने पुसून मी राउटरवर इंटरनेटची नवी लिंक जोडत होते. दुसऱ्या टोकाला, बदलापुरात, माझे वरिष्ठ, आमचे सर, फोनवर होते. चारला जुनी लाइन बंद होणार होती आणि नवी लिंक काही सुरू होईना. "तुझंच काहीतरी चुकलंय, परत बघ," सर म्हणाले. मी तीनदा बघितलं. लिंकच्या दोन्ही टोकांच्या राउटरना वेगवेगळा नंबर द्यावा लागतो, एकच पडला तर लिंक चालत नाही. मग भीतभीतच विचारलं, "सर, तुमच्या बाजूचा नंबर काय टाकलात?" "एकवीस." "अहो सर, एकवीस माझा! तुमचा बारा." पलीकडून खो खो हसणं ऐकू आलं. त्यांनी नंबर बदलला आणि लिंक सुरू झाली. "उद्यापासून माझं काम तू तपासायचं," ते म्हणाले. आता माझ्या हाताखालचं कुणी "मॅडम, तुमचं चुकलं" म्हणालं की मला फार बरं वाटतं.