एका लॉगिनवर तिघं

अंबडला आमचं डिझाइन ऑफिस आहे. पावडर कोटिंगच्या गाळ्यावरचा पहिला मजला, दोन खोल्या, तीन टेबलं. आम्ही फिक्स्चर डिझाइन करतो. फिक्स्चर म्हणजे मशीनवर काम चालू असताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणारी चौकट. भाग केसभर हलला तरी भोक चुकतं आणि माल भंगारात जातो. आम्ही चौकटीचा आराखडा देतो, लोखंडात ती दुसरे उतरवतात.

मी याद्या करणारी बाई आहे. सकाळी नऊला दिवसाची यादी, सहाला राहिलेल्या ओळी उद्याच्या पानावर. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या फाइली ‘फायनल’, ‘फायनल दोन’ आणि ‘हीच फायनल’ अशा नावांनी पेन ड्राइव्हवर फिरायच्या आणि माझा जीव जायचा. म्हणून काही वर्षांपूर्वी मी क्लाउडवरचं सॉफ्टवेअर घेतलं. ते ब्राउझरमध्येच उघडतं. मॉडेल एकच, इंटरनेटवर ठेवलेलं. अंबडहून उघडा नाहीतर घरून, तेच समोर येतं. आणि एका बाजूला हिस्टरी असते. कोणी, कधी, काय बदललं याची आपोआप होणारी यादी. ती पाहिली आणि मी तिथल्या तिथे हो म्हणाले.

परवाना मात्र माणशी एक घ्यायचा असतो. मी एकच घेतला, माझ्या नावाने. छोट्या ऑफिसांत असंच चालतं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. भिंतीवर वेळापत्रक लावलं: सकाळी ती, जेवणाच्या सुट्टीत काका, दुपारी पुन्हा ती, साडेपाचनंतर मी. काका म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन, तयार आराखडे तपासणारे. आणि ती म्हणजे आमची डिझायनर. मूळची सटाण्याकडची, मेकॅनिकलचा डिप्लोमा, लग्नानंतर नऊ वर्षं घरी. चाळिशी जवळ आल्यावर तिने पुन्हा काम शोधलं, तेव्हा चार ठिकाणी नाही ऐकून ती माझ्याकडे आली होती.

तिचा हात चांगला आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. एकदा ती माहेरी गेली आणि तिथून लॅपटॉपवर तिने काम पुरं केलं. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारची; रविवारी ऑफिसात आली ती हसतच.

“मॅडम, काल तुम्ही सटाण्यात होता.”

“मी? काल मी घरी पडदे धूत होते.”

“हिस्टरी बघा ना. आमच्या ओट्यावर बसून तुम्ही अकरा बोल्ट टाकले. आई म्हणाली, बाई आली आणि चहासुद्धा न घेता गेली.”

काका आतून ओरडले, “मॅडम, एकाच वेळी दोन ठिकाणी जमत असेल तर माझ्या भाच्याच्या लग्नाला पण जाऊन या. मला कंटाळा आलाय.”

आम्ही तिघंही हसलो. प्रत्येक बदलापुढे माझ्या नावाचं आद्याक्षर एका गोल ठिपक्यात दिसायचं. तिच्या कामापुढेही, काकांच्या कामापुढेही. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

मग सातपूरच्या एका पंपवाल्यांचं काम आलं. पंपाच्या बॉडीला चार बाजूंनी भोकं पाडायची होती. त्यांचा कामगार दर बाजूला बॉडी सोडायचा, फिरवायचा, पुन्हा आवळायचा. चार वेळा आवळलं की चार वेळा थोडं थोडं चुकायचं. मी दोन आठवडे त्यावर डोकं आपटलं. मग काम तिच्याकडे दिलं, आणि तिसऱ्याच दिवशी तिने माझ्या डब्याचं झाकण टेबलावर ठेवून त्यावर वाटी उपडी घातली.

“मॅडम, आपण वस्तू फिरवतोय. वस्तू नाही फिरवायची. तिची खुर्ची फिरवायची.”

तिने झाकण फिरवलं, वाटी जागची हलली नाही. बॉडी एकदाच आवळायची. खालची प्लेट फिरेल आणि दर पाव फेरीला स्प्रिंगची एक पिन भोकात बसून प्लेट जागीच अडकवेल. पुढचे सात आठवडे तिने ते मॉडेल उभं केलं.

दाखवायला सातपूरला मी एकटीच गेले. तिच्या मुलाची परीक्षा होती, आणि तसंही गिऱ्हाइकाकडे मीच जायचे. तिथल्या प्रॉडक्शनच्या साहेबांनी पडद्यावर ती प्लेट चार वेळा फिरवून पाहिली आणि खुर्चीत मागे टेकले.

“मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं हो?”

मी हसले. म्हणाले, “डब्याचं झाकण बघून.”

म्हणाले ते खोटं नव्हतं. झाकण माझंच होतं. परत येताना त्र्यंबक रोडच्या सिग्नलला मनात आलं की ऑफिसात गेल्यावर तिला सांगू, साहेब फार खूश आहेत. ते मी सांगितलंही. कोणावर खूश आहेत ते सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी सिन्नरच्या एका मोठ्या कारखान्यात टूल डिझाइनच्या प्रमुखाची जागा निघाली. तिने मला आधी विचारलं. लपवून काही करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“अर्ज करू का मॅडम? त्यांना मी केलेलं एक काम बघायचंय. पंपाचं दाखवू का?”

मी पंपवाल्या साहेबांची रीतसर परवानगी घेतली, नुसतं बघता येईल अशी लिंक तिला पाठवली आणि यादीतल्या त्या ओळीवर काट मारली. दहा मिनिटांचं काम. मला स्वतःचं कौतुकही वाटलं, की आपण आपल्या माणसाला अडवत नाही.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी ती आली, पर्स टेबलावर ठेवली आणि उभीच राहिली.

“त्यांनी मॉडेल उघडलं. आवडलं. मग त्यातल्या एकाने हिस्टरी उघडली.”

मला पुढचं कळलं.

“वरपासून खालपर्यंत तुमचं नाव. ते म्हणाले, बाई, हे तर दुसऱ्या कोणाचं काम आहे, यात तुमचं काय? मी सांगितलं, लॉगिन एकच होतं. ते एकमेकांकडे बघायला लागले. मॅडम, मी तिथे चोरासारखी बसले होते.”

काकांनी चष्मा काढला. ती माझ्याकडे वळली. “त्यांनी आठ दिवस दिलेत. तुम्ही एक पत्र द्याल? की पंपाचं डिझाइन मी केलं. एवढंच. एक ओळ.”

“देते की,” मी म्हणाले आणि डायरीत लिहिलं. सातवी ओळ: तिचं पत्र.

त्या दिवशी सहा ओळी झाल्या, सातवी दुसऱ्या दिवसावर गेली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यावर. मी माझ्या आयुष्यात एक ओळ सहा दिवस पुढे ढकलली ती ही. कारणं माझ्याकडे होती. लॉगिन वाटून वापरलं हे माझ्याच लेटरहेडवर कबूल कसं करायचं? पंपवाल्यांचं दुसरं काम येऊ घातलं होतं, ती गेली तर ते कोण करणार? ही दोन कारणं मी तेव्हाही मोठ्याने बोलू शकले असते. तिसरं नाही. तिसरं असं की सातपूरला मी हसले होते, आणि ते हसू मला परत द्यायचं नव्हतं.

सहाव्या दिवशी काका जेवता जेवता म्हणाले, “मॅडम, पत्राला मॉडेल लागत नाही. कागद लागतो. आहे ना आपल्याकडे?”

मी तिथेच बसून पत्र टाइप केलं. नोकरीचा काळ, वक्तशीरपणा, मनमिळाऊ स्वभाव. आणि मग: ‘पंप बॉडी फिक्स्चरच्या डिझाइनमध्ये यांनी मोलाचे साहाय्य केले.’ ‘मोलाचे’ हा शब्द मी नंतर घातला, बरं दिसावं म्हणून.

तिने उभ्याने वाचलं. एकदा वाचून पुन्हा वरून वाचलं.

“साहाय्य?”

“अगं, अशा पत्रांची भाषा अशीच असते.”

ती थोडा वेळ थांबली. मी काही बोलेन म्हणून थांबली असणार. मग पत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवत म्हणाली, “ठीक आहे मॅडम.” त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. सटाण्याची गंमत पुन्हा कधी निघाली नाही.

सिन्नरवाल्यांनी प्रमुखाची जागा दुसऱ्याला दिली आणि तिला साहाय्यक डिझायनरची देऊ केली. पत्रात होतं तेच. तिने ती घेतली. मला वाटलं होतं की ती राहील. ती ऑफिसचं कपाट लावून, सगळ्या मॉडेलांची यादी करून, माझ्यापेक्षा नीट हस्तांतर करून गेली.

ती गेल्यावर आठएक महिन्यांनी, एका शनिवारी एमआयडीसीला सुट्टी असताना, मी ऑफिसात एकटी बसून जुन्या डायऱ्या आणि हिस्टरी शेजारी शेजारी लावली. लॉगिनवर कोण कधी बसलं ते डायरीत होतं. पंपाच्या मॉडेलमध्ये मी स्वतः केलेले बदल तीन निघाले. कंपनीचं नाव टाकलं. एका बोल्टची लांबी बदलली; ती तिने दुसऱ्या दिवशी परत जुनी केली होती. आणि शेवटी फाइल गिऱ्हाइकाला पाठवली. बाकी काकांच्या थोड्या खुणा सोडल्या तर सगळं सकाळ-दुपारचं, म्हणजे तिचं.

त्याच बैठकीत मी दुसरं पत्र केलं. लॉगिनचंही खरं लिहिलं. टाइप करायला पाव तास लागला. ते घेऊन मी सोमवारी सिन्नरला गेले. ती सुट्टी झाल्यावर गेटबाहेर आली, आम्ही समोरच्या टपरीवर उभ्या राहिलो. तिने पत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

“छान लिहिलंय मॅडम. पण मी देऊ कोणाला?”

“तुझ्या एचआरला. मी येते हवं तर, समोर सांगते.”

“त्यांच्या फायलीत एक पत्र आहे. आता दुसरं गेलं की एकाच ऑफिसची दोन, एकाच सहीची. एकात साहाय्य, एकात सगळं. त्यांनी कुठलं खरं धरायचं? म्हणतील, बाईने जुन्या मॅडमला गळ घालून लिहून आणलं.”

चहा आला. तिने माझ्या कपावर बशी ठेवली, माशी बसू नये म्हणून. ऑफिसातही ठेवायची.

“मग मी काय करू, सांग.”

“तुम्हीच बघा,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “त्या पंपवाल्या साहेबांना कोणी सांगितलंय का कधी?”

म्हणजे तिला माहीत होतं. कसं, ते मी विचारलं नाही. काकांनी सांगितलं असेल, किंवा मी सातपूरहून आले तेव्हा माझ्या तोंडावरच दिसलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना फोन लावला आणि आडवळण न घेता सांगितलं. ते फिक्स्चर माझं नाही, आमच्या डिझायनरचं आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी बोलले नाही, ते चुकलं. पलीकडे मशीनचा आवाज होता.

“हो का? बरं, बरं,” ते म्हणाले. “चालतंय छान. त्या अजून तुमच्याकडेच आहेत ना?”

“नाहीत.”

“अरेरे. नंबर देऊन ठेवा मग त्यांचा.”

मी नंबर दिला. दोनदा सांगितला, सावकाश. मनात म्हटलं, आमचं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे, तिचं नाव तरी तिथे पोचलं.

तसं झालं नाही. साहेबांनी तिला फोन केला, पण स्प्रिंगची पिन झिजून प्लेट किंचित हलायला लागली होती म्हणून. तिने जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास फोनवर सगळं समजावलं: पिन कुठल्या पोलादाची घ्यायची, टोकाला उतार किती द्यायचा, भोकात बुश म्हणजे आतली छोटी नळी कशी बसवायची. नव्या कामाबद्दल त्यांनी तिला काही विचारलं नाही. मग त्यांनी मला फोन केला. “मॅडम, तुमच्या त्या बाईंनी सांगितलंय तशी पिन बदलून द्या. मॉडेल तुमच्याकडेच आहे ना?”

मॉडेल माझ्याकडेच होतं. माझ्या नावाच्या खात्यात. ऑर्डरही माझ्याकडेच आली.

मी मॉडेल उघडलं, तिने सांगितली तशी पिन केली, नवं व्हर्जन जतन केलं. पुढे माझंच आद्याक्षर उमटलं. ते बदलता येत नाही, मी पाहून ठेवलंय. पण प्रत्येक व्हर्जनला वर्णनाची एक चौकट असते. तिथे मी लिहिलं की मूळ डिझाइन आणि हा बदल, दोन्ही तिचं, आणि तिचं पूर्ण नाव घातलं. मागच्या सगळ्या व्हर्जनांनाही तसंच केलं. दुपार गेली. मग तिला लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, बघून घे.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत आलं.

“पिन दोन मिलिमीटर लांब झालीये मॅडम. खालच्या प्लेटला घासेल. कमी करा.”

नावाबद्दल काही नव्हतं. मी खाली आणखी काही येतंय का म्हणून थोडा वेळ फोन हातात धरून बसले. मग मॉडेल उघडलं, पिन मोजली. खरंच दोन मिलिमीटर जास्त होती. मी ती कमी केली.