भुवया घरी ठेवून

माझ्या लग्नाच्या मांडवात बैल शिरला तेव्हा वऱ्हाडी वाट फुटेल तिकडे पळाले, भटजी मंत्र अर्धा टाकून चौरंगावर चढले, आणि माझे होणारे सासरे जागचे न हलता, पाहुणे आल्याची वर्दी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "बैल आले आहेत." बैलालाही त्यांनी आदरार्थी बहुवचन दिले. माझे माहेर साताऱ्याकडचे. आमच्याकडे मांजर आडवे गेले तरी चार जणी "अगंबाई!" म्हणणार. कुठल्या घरी येऊन पडलो आपण, असे मला अक्षता पडायच्या आधीच वाटले.

घर बडोद्याला, वाडी भागात. दोन खोल्या, सासूबाई नव्हत्या. मामंजी एका सरदारांकडे हुजरे होते. सयाजीराव महाराजांच्या राज्यात सरदार पुष्कळ, आणि सरदार म्हटला की खुर्चीमागे हुजऱ्या आलाच. मामंजी बाराव्या वर्षी त्या खुर्चीमागे उभे राहिले ते राहिलेच. "हुजऱ्यानं कान बरोबर न्यावेत, भुवया घरी ठेवाव्यात," हे त्यांचे ब्रीद. सुरुवातीला एकदा कुणा पाहुण्याची कवळी ताटात पडली आणि मामंजींची भुवई वर गेली. तेवढ्यासाठी त्यांना दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभे केले होते. त्यानंतर ती भुवई कधी हलली नाही.

घरीसुद्धा ते जेवणापुरते पाटावर बसत, एरवी भिंतीला पाठ लावून उभे. बसा म्हटले तर बडोद्याचा गुजराती 'ने' लावून म्हणत, "सवय मोडली तर उद्या तिथं बसेन ने!" दर दसऱ्याला ते मोकळे करा म्हणून विनवीत, आणि सरदार म्हणत, "तुझ्यासारखा दुसरा कुठं मिळायचा? पुढच्या दसऱ्याला बघू." असे कितीतरी दसरे गेले. मलाही डोक्यावरचा पदर सावरत उंबऱ्याच्या आत राहावे लागे. लहरीपुऱ्याचा बाजार दहा मिनिटांवर, पण मला तो ऐकूनच माहीत होता. पहिले काही महिने मला त्या घरात अक्षरशः गुदमरल्यासारखे होई.

एके दिवशी मी आमटीत मिठाऐवजी साखर घातली. गुजरातेत गोड वरण चालते, पण त्यालाही काही मर्यादा आहे. मामंजींनी भुरका मारला, चेहरा तसाच, आणि पुटपुटले, "अशे!" मी ऐकले "असे!" म्हणजे, असे आहे होय तुमच्या माहेरचे वळण! तीन दिवस चुलीपुढे रडले. धुराचे निमित्त होतेच. चौथ्या दिवशी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, ते मराठी नव्हतं. हौसा होतं."

"कुणाची हौस?" मी नाक पुसत विचारले.

मग कळले. महायुद्धात सरदारांच्या धाकट्या चिरंजीवांबरोबर ते पूर्व आफ्रिकेत गेले होते आणि तिथे तापाने पडले. इस्पितळात शेजारच्या खाटेवर पायाला गोळी लागलेला एक शिपाई होता, आफ्रिकेच्या पार पश्चिमेकडचा. त्याची भाषा हौसा आणि नाव गार्बा. बडोद्यात हे नाव सांगायची पंचाईत, कारण "शेजारी गार्बा होता" म्हटले की गल्लीतले लोक विचारत, "केम, नवरात्रि हती?"

पहिल्याच सकाळी खिडकीतून माकड आत आले आणि गार्बा ओरडला, "काय!" मामंजींना भरून आले. इतक्या दूर मराठा माणूस! ते म्हणाले, "माकड." गार्बा पुन्हा म्हणाला, "काय!" "माकड, माकड!" माकड निघून गेले तरी हा संवाद चालू होता. 'काय' हा हौसातला आश्चर्याचा उद्गार, हे दुपारी कुठे उमगले.

हातवाऱ्यांनी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीने गार्बाने त्यांना तीन शब्द शिकवले. एकदम काही दिसले तर 'काय!', विश्वास बसत नसेल तर 'हबा!', आणि जे आधीपासून होतेच पण आपल्याला आत्ता कळले, त्याला 'अशे!' शब्द तासाभरात आले. पण गार्बाचे समाधान होईना. तो म्हणे, चेहऱ्याशिवाय हे बोलणेच नव्हे. लंगडत यायचा आणि दोन अंगठ्यांनी मामंजींच्या भुवया वर ढकलायचा. "तीन आठवडे ढकलत होता बिचारा," मामंजी म्हणाले, "अंगठा काढला की परत खाली."

त्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. माझा 'हबा' फार गुळगुळीत होतो अशी त्यांची तक्रार. "अगं, जरा भांडल्यासारखं म्हण!" खुर्चीमागे उभे राहून दिवसात किती वेळा मनात 'हबा' म्हटले ते संध्याकाळी मला सांगत, निर्विकार चेहऱ्याने, आणि मी पदर तोंडात कोंबून हसे. इतका गमत्या माणूस त्या चेहऱ्याच्या आत अडकून पडला होता, आणि ते फक्त मला ठाऊक होते.

त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या यजमानांना, ते ठाऊक नव्हते. हे घड्याळे दुरुस्त करीत. लहानपणापासून प्रत्येक चालू केलेले घड्याळ वडिलांना दाखवत, आणि उत्तर ठरलेले, "बरं आहे." "भिंतीला दाखवलं असतं तर निदान पाल चुकचुकली असती," हे मला म्हणत. हसत म्हणत, पण डोळे हसत नसत.

मी मामंजींच्या मागे लागले. "एकदा त्यांच्यासमोर 'काय!' म्हणा ना."

"शब्द येतो गं, चेहरा येत नाही. आरशापुढं करून पाहिलं. आतला माणूसही हुजऱ्याच निघाला."

"मग मी सांगते त्यांना, तुमच्या मनात काय असतं ते."

"नको. त्याला माझ्या तोंडावर बघायचंय ने? तुझ्या तोंडून ऐकून काय करील?"

शेवटी मामंजी अंथरुणाला खिळले तेव्हा सरदारांनी त्यांना मोकळे केले. पण आता उठून कुठे जाणार? चारच दिवस राहिले होते, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. यजमान दोन वर्षे दुकानात काहीतरी लपवून करीत होते, ते त्यांनी घरी आणले. स्वतः घडवलेले घड्याळ. तबकडीखाली एक इवलीशी खुर्ची आणि तिच्या मागे पितळी पागोटेवाला हुजऱ्या. ठोके सुरू झाले तसा तो हुजऱ्या खुर्चीला वळसा घालून पुढे आला आणि खुर्चीत बसला.

मामंजी बघत राहिले. चेहरा तसाच. यजमानांनी मान खाली घातली. तेव्हा मामंजींनी उजवा हात उचलला, अंगठा भुवईखाली लावला आणि ती वर ढकलली. डावा हात मात्र गोधडीवरून उठेना.

"आबा, डोळा दुखतोय का?"

"दुसरी तुम्ही वर करा," मी म्हणाले. मला रडू फुटले होते. "अंगठ्यानं. करा ना!"

ह्यांना काही कळले नाही, पण ह्यांनी केली.

"काय!" मामंजी म्हणाले. मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल असे. मग त्या बसलेल्या हुजऱ्याकडे आणि मुलाकडे आळीपाळीने बघत हळूच म्हणाले, "अशे!"

"हो आबा, असंच," हे म्हणाले. "असंच बसायचं आता."

मी अर्थ सांगितला नाही. ह्यांनी अंगठा काढून घेतला. भुवई खाली यायला बराच वेळ लागला.