तोंड नसलेला देव

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी नांदेडला ऑटोतून उतरताना माझा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर आलं. एकटीच्या घरात साधी वेणी घालता येईना. शेवटी भाऊ आला आणि मला लोह्याजवळच्या आमच्या गावी घेऊन गेला.

गावी भाऊ आणि वहिनी दोघंच. वहिनी उदगीरकडच्या. सातवीनंतर शाळा सुटली आणि काही वर्षांनी आमच्या घरी आल्या. आमच्यात भांडण कधी झालं नाही, पण गप्पाही कधी झाल्या नाहीत. मी शाळेत इतिहास शिकवणारी नणंद. त्या मला ‘ताई, तुम्ही’ म्हणायच्या, मी त्यांना ‘वहिनी, तुम्ही’. एवढ्यावर पंचवीस वर्षं निघून गेली होती.

चार वर्षांपासून त्यांनी रेशमाचं सुरू केलं होतं. शेतात तुती आणि बांधाला लागून हिरव्या जाळीची शेड. सकाळी आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय वहिनी शेडमध्ये पाय ठेवायच्या नाहीत. मला तर काही कामच करू देत नव्हत्या, म्हणून मी दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायची. अळ्यांनी नुकतेच कोष विणायला घेतले होते.

एक दिवस माझ्या प्लास्टरकडे बघून त्या म्हणाल्या, “ताई, तुमचा हातबी कोषात गेला की.”

“कोष नाही वहिनी, ममी झाली आहे त्याची.”

“ममी म्हणजे?”

मग काय, मास्तरीण सुटली. इजिप्तचे राजे, मेल्यावर त्यांना पट्ट्यांत गुंडाळणं, परत उठायचं आहे म्हणून सोबत ठेवलेलं धान्य आणि खुर्च्या. वहिनी हातातलं काम न थांबवता ऐकत होत्या.

“म्हणजे तेबी पुरतेत? आपल्यासारखं?”

“हो, पण झोपवून.”

“आपल्यात बसवून पुरतेत तेच बरं. उठायचंच असलं तर कंबर तरी धरणार न्हाई.”

मी इतकी हसले की प्लास्टरमधला हात ठणकला.

त्या दिवसापासून रोज त्यांना एक तरी देव लागायचा. मांजराच्या तोंडाची देवी, ससाण्याच्या तोंडाचा देव. कोल्ह्याच्या तोंडाचा तर त्यांना फार आवडला. “गावातलीच मंडळी दिसून राहिली सगळी,” म्हणाल्या. शेणाची गोळी ढकलणाऱ्या भुंग्यालाही त्या लोकांनी सूर्याचा देव केलं होतं, हे ऐकून मात्र त्यांचा हात थांबला.

“शेणकिड्याला देव केलं, मग पतंगानं काय घोडं मारलं? त्याला कामून न्हाई केलं?”

“माझ्या तरी वाचनात नाही.”

“मग आपण करू. ह्या आपल्या पतंगाला तोंडच न्हाई, ठाऊक हाय का तुमाला? कोषातून निघाल्यावर चार-पाच दिवस जगतो. खाणं न्हाई, पिणं न्हाई. असा देव पाहिजे बगा. निवद नको, नवस नको. कुणाकडं काही मागणारच न्हाई.”

शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण असं काही कुठल्या वर्गात ऐकलं नव्हतं.

आठवड्याभरात कोष तयार झाले. आम्ही तिघं ते तोडून टोपल्यांत भरत होतो. मी डाव्या हातानं जमेल तसं करत होते आणि सवयीनं बोलत होते. मेलेल्याचं काळीज तराजूत घालतात, दुसऱ्या पारड्यात एक पीस. काळीज जड निघालं की एक मगरतोंडी प्राणी ते खाऊन टाकतो. आणि त्याआधी देवांपुढं उभं राहून सांगायचं, मी चोरी केली नाही, मी खोटं बोलले नाही, मी जीव मारला नाही.

वहिनी टोपली उचलून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी कामापुरतंच बोलल्या.

भाऊ कोष बाजारात नेऊन परत आला तेव्हा मी त्याला विचारलं, “माझं काही चुकलं का रे?”

त्यानं रिकाम्या टोपल्या एकात एक घातल्या. मग म्हणाला, “धागा काढायला कोष उकळत्या पाण्यात टाकतेत, आतला जीव जिता असतानाच. पतंग बाहेर आला की धागा तुटतो ना. तिच्या जिवाला ते लागतं. दर बॅचला ओंजळभर कोष मागं ठेवती. मी कधी इचारलं न्हाई.”

मी इतके दिवस दाराशी बसून होते. आमच्या घरात मुंगीवरसुद्धा पाय पडू देत नाहीत, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तीन-चार दिवसांनी सकाळी वहिनी शेडच्या मागं बसलेल्या दिसल्या. पुढ्यात जुन्या सुती लुगड्याच्या धडप्यावर पांढरे पतंग पंख फडफडवत होते. उडता एकालाही येत नव्हतं. मी शेजारी बसले.

“वहिनी, मी उगाच बोलून गेले.”

“उगाच कशाला? खरंच हाय ते. त्या देवांपुढं मला गप बसावं लागल.”

“ऐका तर. ती इजिप्तची माणसं ते बोलणं आधीच लव्हाळ्याच्या कागदावर लिहून प्रेतासोबत ठेवायची. आणि छातीवर एक दगडी भुंगा, मंतरलेला. काळजानं आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून.”

वहिनी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. “म्हणजे कॉपी? देवाच्या परीक्षेत?”

“कॉपीच.”

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र सगळंच हसण्याचं नव्हतं. मग म्हणाल्या, “न्हाई ताई. काळजाला बोलू द्यावं. त्याला गप बसवून कुठं जायचं?”

“मग हे काम सोडायचं?”

“सोडून काय करू? सोयाबीनवर फवारतो तवा काय कमी मरतेत? सोडलं म्हणजे सुटलं, असं न्हाई होत.”

पतंगांनी धडप्यावर पिवळसर अंडी घातली होती. ती पुढच्या बॅचला चालत नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं. दोन दिवसांनी पतंग निपचित झाले, तेव्हा त्यांनी तो धडपा तसाच उचलून तुतीच्या बुडाशी ठेवला.

“मुंग्या खातील,” मी म्हणाले.

“खाऊ द्या की. त्यास्नी तोंड हाय.”

प्लास्टर निघाल्यावर मी नांदेडला परतले. महिना-दीड महिन्यानं वहिनींचा फोन आला. तोवर त्या मला कधी आपणहून फोन करत नसत. म्हणाल्या, “ताई, काल कोष भरायला घेतले तर तुमच्या भावानं एक टोपली पायानंच बाजूला सारली. म्हणले, ही मागं राहू दे.”

“आणि मग?”

“मग काय. दोघांनी मिळून बाकीच्या भरल्या.”