आधी गाव विचारणारे साडू

एखादी वस्तू जन्मात खपू नये असं वाटत असेल, तर ती माझ्या साडूंच्या हाती द्यावी. पाचोऱ्यात मी ज्या ठिबकच्या एजन्सीत आहे, तिथे त्यांना मीच चिकटवलं, म्हणून अगदी रडकुंडीला येऊन सांगतोय. मालक आम्हाला नेहमी बजावायचे, "आधी गिऱ्हाइकाशी ओळख वाढवा, मग मालाचं बोला." साडूंनी पहिला भाग इतका मनावर घेतला, की दुसऱ्यापर्यंत ते कधी पोचलेच नाहीत. शेतकऱ्याच्या ओट्यावर टेकले की आधी त्याचं गाव, मग मामाचं गाव, मग सासुरवाडी. भडगावपासून चोपड्यापर्यंत चहा संपायच्या आत त्यांचं नातं निघालं नाही असं घर नसेल. आणि नातं निघालं की पिशवीची चेन बंद! मी चिडलो तर म्हणायचे, "पाव्हना म्हनीसन चहा पिना, आते त्यासले भाव सांगू?" एकदा नळीचा नमुना दाखवायला गेले आणि गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न जमवून आले. नमुना पिशवीतच होता.

शेवटी मालकांनी सांगून टाकलं, या महिन्यात एक तरी ऑर्डर आणा, नाहीतर घरी बसा. चोपड्याकडचे एक मोठे केळीवाले आबा नवीन ठिबक घेणार होते. मी स्वतः सोबत गेलो. कुणाचंही गाव विचारायचं नाही, असं वाटेतच साडूंकडून कबूल करून घेतलं. बिचारे ओठ मिटून बसले. मी भाव सांगितले, आबांनी मान डोलावली, सहीसाठी पेन मागितलं आणि पेन उघडता उघडता सहज साडूंना म्हणाले, "भाऊ, तुमनं गाव कोनतं शे?"

मी डोळे मिटून घेतले. चहा यायच्या आत साडू आबांच्या मावसबहिणीचे चुलतदीर निघाले. मग दोघे हातात हात घालून बागेत गेले. साडूंनी वाकून जुनी नळी चिमटीत दाबून पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "आबा, हाई आखो दोन साल चाली. नवी कशाले?"

नोकरी गेली. त्यांचा भाग आता माझ्याकडे आलाय. दर ओट्यावर आधी साडू का आले नाहीत याची विचारणा होते, "तुमना साडू कसा शेतस? त्या काबर उनात नही?" मी बरे आहेत म्हणतो, भाव सांगतो, ऑर्डर घेऊन उठतो. माल चांगला खपतो. साडूंची मात्र फार आठवण येते. मला अजून कुणी माझं गाव विचारलेलं नाही.