मेमूच्या गळ्यात हार

शालिग्राम राहायचा मलकापुरात आणि कागदावर शेगावात. नोकरीच्या गावीच राहावं असा नियम होता, म्हणून शेगावात त्याच्या नावाची एक खोली होती. त्या खोलीच्या घरमालकानं त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, कचेरीत बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. आमच्याकडे याला अपडाऊन म्हणतात, आणि जो पुष्कळ वर्षं अपडाऊन करतो त्याला मान असतो. शालिग्रामला जरा जास्तच होता, कारण तो अपडाऊन मंडळाचा अध्यक्ष होता. तिसऱ्या डब्यातली खिडकी त्याची. नव्या माणसानं तिथं रुमाल टाकला तर तो रुमाल घडी होऊन त्याच्याच हातात परत यायचा.

बोलायला त्याला विषय एकच लागायचा, गाड्या. नव्या गाडीला नावं ठेवायची आणि तिच्या आधीची चांगली म्हणायची, असा त्याचा हिशेब. पॅसेंजर होती तेव्हा तो कोळशाच्या इंजिनाच्या आठवणी काढायचा. ते इंजिन त्यानं लहानपणी फाटकावर उभं राहून पाहिलं होतं, तेवढीच त्याची ओळख. लॉकडाऊनमध्ये पॅसेंजर बंद झाली आणि पुढे तिच्या जागी दुसरी गाडी लागली तेव्हा ज्या पॅसेंजरला जन्मभर शिव्या दिल्या तीच एकदम राणी झाली. हातात मोबाइल आल्यापासून तर त्याची नजर फार लांब पोचू लागली होती. मुंबईची लोकल अशी, कलकत्त्याची तशी, मद्रासची सगळ्यात शिस्तीची, पुण्याच्या मेट्रोत गार वारा पण माणसांत ओलावा नाही. जपानात म्हणे गाडी थोडी जरी उशिरा आली तरी मोठा साहेब वाकून माफी मागतो. यातल्या एकाही गाडीत तो बसलेला नव्हता. पूर्वेला बडनेरा आणि पश्चिमेला भुसावळ, इथं त्याचं जग संपत होतं. पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा कालच टोकियोहून उतरला आणि वाटेत मलकापूर लागलं म्हणून थांबला.

हे सगळं घरी ऐकायला होती दीपमाला, त्याची बायको. पोळ्या लाटता लाटता तिनं साऱ्या देशाच्या रेल्वेचा इतिहास ऐकला होता. तिचं म्हणणं मात्र एवढंसंच होतं, आणि ते त्याच्या कानापर्यंत कधी पोचत नव्हतं.

त्यांची मुलगी डिंपल पहिल्या बाळंतपणाला अडली होती. डॉक्टर काही बोलेनात, तेव्हा दीपमालानं दवाखान्याच्या जिन्यात बसून शेगावच्या महाराजांना हात जोडले आणि म्हणाली, माझ्या लेकीला मोकळी करा, मी जोडीनं दर्शनाला येईन. लेक सुटली, नातू झाला. तो नातू आता शाळेत जातो, आणि जोडीचं दर्शन अजून राहिलं होतं. नवरा रोज उठून शेगावला जातो आणि बायकोचं शेगावचं दर्शन राहतं, ही गोष्ट परक्या गावच्या माणसाला सांगितली तर त्याला खरी वाटणार नाही.

सुट्टीच्या दिवशी तिनं म्हटलं तर शालिग्राम म्हणायचा, रोज त्याच गाडीत बसून हाडं खिळखिळी झालीत, आज तरी नको. कामाच्या दिवशी म्हटलं तर मंडळाचा डबा बायकामाणसांच्या कामाचा नाही. एसटीनं जाऊ म्हटलं तर रेल्वेच्या माणसाला एसटीत बसवतेस का, असं तोंड करायचा. शेवटचं उत्तर ठरलेलं असायचं, जरा चांगली गाडी येऊ दे. दीपमाला शेजारणींबरोबर दोनदा शेगावला जाऊन आली, पण देवळाच्या आत गेली नाही. बाहेरून कळसाला हात जोडले आणि चपलांजवळ बसून राहिली. बोलली होती जोडीनं, तर एकटीनं समोर कशी उभी राहणार?

मग एक दिवस बातमी आली की सकाळच्या गाडीच्या जागी नवी मेमू, म्हणजे विजेवर धावणारी लोकलसारखी गाडी येणार. मंडळात चर्चा झाली. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडळ इंजिनाची पूजा करायचं, हार घालायचं, नारळ फोडायचं. नव्या गाडीचंही तसंच स्वागत करायचं ठरलं. ओवाळायला सवाष्ण पाहिजे होती. मंडळात सगळे पुरुष. तेव्हा अध्यक्षांच्याच घरून ताट यावं असं ठरलं.

दीपमालानं पाटावर बसून तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "ओवाळतो मी. पण मंग त्याच गाडीनं आपण दोघं शेगावले जाऊ. चार लोकांसमोर हाव म्हना."

चार लोक म्हणजे मंडळाचे खजिनदार जानराव आणि आणखी तिघं पुढच्या खोलीत चहा पीत बसले होते. शालिग्रामला हाव म्हणावं लागलं.

गाडीचं तोंड कुठं थांबेल याचा हिशेब शालिग्रामनं आदल्या दिवशीच करून ठेवला. जुनी गाडी लांब, तिचं इंजिन पार प्लॅटफॉर्मच्या टोकाला जायचं. मेमू आखूड, म्हणजे तिचं तोंड जिन्यासमोरच येणार. तिथंच त्यानं मंडळाचा फलक बांधला, फोटोवाल्याला उभं केलं, बँडवाल्यांना सावली दिली. जानरावानं विचारलं, स्टेशनातल्या कोणाला विचारून घ्यायचं का. यावर शालिग्राम हसला. इतकी वर्षं अपडाऊन केलेल्या माणसानं गाडी कुठं थांबते ते दुसऱ्याला विचारायचं, हे त्याला पटण्यासारखं नव्हतं.

गाडी आली. बँड सुरू झाला. दीपमाला ताट घेऊन पुढे झाली. गाडीचं तोंड तिच्यासमोरून गेलं, तिनं निरांजन फिरवलं, आणि आतल्या ड्रायव्हरनं हसून हात जोडले. तोंड थांबलं नाही. पाठोपाठ डबे गेले, पुन्हा डबे गेले, आणि गाडी थांबली तेव्हा जिन्यासमोर जे उभं राहिलं ते तिचं मागचं टोक होतं.

आता मेमूची गंमत अशी की तिला वेगळं इंजिन नसतं. दोन्ही टोकांना सारखंच तोंड, सारखीच काच, सारखेच दिवे. शालिग्रामनं दोन्ही हातांनी हार डोळ्यांसमोर उंच धरला होता, त्यामुळे पुढचं तोंड निघून गेलेलं त्याला दिसलंच नव्हतं. समोर तोंड दिसलं आणि त्यानं हार दाराच्या दांडीला अडकवला. काचेला हळदकुंकू लावलं. नारळ फोडला. खिडकीतून गार्ड डोकावून बघत होता. त्याला मंडळानं ड्रायव्हरसाहेब म्हणून शाल दिली आणि पेढा भरवला. गार्डानं दोन्ही घेतलं. पेढा तोंडात असताना माणूस काय खुलासा करणार?

दीपमालाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. खऱ्या तोंडाला तर तिचं ओवाळून झालं होतं. ती नवऱ्याच्या कोपरापाशी जाऊन हळूच म्हणाली, "अहो, बसा आता गाडीत."

शालिग्रामनं मान न वळवता हातानंच तिला थांब म्हटलं. त्याचं भाषण सुरू झालं होतं. कोळशाच्या इंजिनापासून सुरुवात झाली होती आणि जपान अजून यायचं होतं.

ती थांबली. मग तिनं निरांजन विझवलं, ताट पिशवीत घातलं, मनात महाराजांचं नाव घेतलं आणि जवळच्या डब्यात चढली. मेथीच्या गाठोड्याशेजारी एक बाई सरकली आणि तिला जागा मिळाली.

भोंगा वाजला, तो पार दुसऱ्या टोकाला. शालिग्राम भाषण थांबवून अदबीनं दोन पावलं बाजूला झाला आणि गाडीनं पुढे यावं म्हणून हात जोडून उभा राहिला. गाडी हलली. हार त्याच्यापासून लांब जाऊ लागला. गार्डानं शाल सावरून हिरवा झेंडा दाखवला.

"मांगं काऊन जाऊन राह्यली बे ही?" शालिग्राम म्हणाला.

"मांगं नाही, शालिग्रामभाऊ," जानराव म्हणाला. "शेगावले चालली. वहिनी बी गेल्या तिच्यात."

गाडीत दीपमालानं सगळीकडे नजर फिरवली. पंखा फिरत होता. खिडकी उघडत होती. बाकडं बसायला बरं होतं. मेथीवाल्या बाईनं विचारलं, दर्शनाला का. दीपमाला हो म्हणाली. या गाडीत काय वाईट आहे हे शोधायचा तिनं नांदुऱ्यापर्यंत मनापासून प्रयत्न केला, कारण नवऱ्याच्या इतक्या वर्षांच्या बोलण्याला काहीतरी आधार असेल असं तिला वाटत होतं. सापडलं नाही. मग तिनं डोळे मिटून जप केला. जलंब गेलं, शेगाव आलं.

देवळाशी पोचल्यावर तिनं पाय धुतले आणि रांगेच्या तोंडाशी कठड्याला टेकून बसली. आत गेली नाही. फोन वाजला. शालिग्राम ड्रायव्हरवर संतापला होता. फोटोवाल्यावर आणि बँडवाल्यांवरही संतापला होता. कचेरीला दांडी पडली होती, आणि मधल्या वेळेला दुसरी गाडी नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, मी रांगेपाशी बसले आहे, तुम्ही आल्याशिवाय आत जाणार नाही. संध्याकाळ झाली तरी बसेन.

दुपारी तो आला, एसटीनं, आणि तोही उभ्यानं. शर्टाच्या बाहीला हळद, केसांत झेंडूच्या पाकळ्या. पायरीपाशी येताच त्यानं सांगायला सुरुवात केली. हिशेब बरोबर होता, गाडीच बनवणाऱ्याची चूक, एका गाडीला दोन तोंडं कोण ठेवतं, जपानात असं कधी झालं नसतं. दीपमालानं पदरानं त्याच्या केसांतल्या पाकळ्या झटकल्या आणि हात धरून त्याला रांगेत उभं केलं.

"हाव, गाडीचीच चूक," ती म्हणाली. "महाराजांले तोंड एकच हाये. चाला पुढं."